खण, माळवद, पांढरी : वाटणीच्या कागदातलं घर

विचारणा

लातूर जिल्ह्यातलं आमचं आजोळचं घर उतरवायचं ठरलं आहे. वाटणीच्या जुन्या कागदात आमच्या वाट्याबद्दल एवढंच लिहिलंय : "उत्तरेकडील सोप्याचे तीन खण, माळवदासह, मागील भिंत समाईक." मामेभाऊ टेप घेऊन फुटात मोजायला लागलेत आणि प्रत्येकाचं माप वेगळं येतंय. खण म्हणजे नेमका किती? माळवद आणि धाबं एकच का? आजी "पांढरी" म्हणायची, ती माती की जागा? शब्दकोशात एकेका ओळीचा अर्थ सापडतो, पण तेवढ्यावर कागद वाचता येत नाही. जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं.

लातूरहून

ताई, खण फुटात शोधू नका. तुळई म्हणजे छत पेलणारं मोठं आडवं लाकूड, आणि दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. घर बांधताना सुतार आधी लाकूड बघायचा. कड्या, म्हणजे तुळयांवर आडवी टाकायची बारीक लाकडं, जेवढ्या लांबीच्या मिळतील तेवढा खण पडायचा. आमच्याकडे साधारण चार-पाच हातांचा खण दिसतो, म्हणजे सहा ते साडेसात फूट, पण शेजारच्याच घरात तो वेगळा असू शकतो. म्हणून "पाचखणी सोपा", म्हणजे पाच खणांची ओसरी, म्हटलं की घराची ऐपत कळते, क्षेत्रफळ कळत नाही. तुमच्या कागदातला खण त्याच घरातल्या लाकडाचा आहे, बाहेरचं कुठलंच माप त्याला लागू करू नका.

आता माळवद. जमिनीत तळखडा बसवायचा, म्हणजे खांबाखालचा घडीव दगड. लाकडाला ओल लागू नये आणि वाळवी चढू नये यासाठी तो असतो. तळखड्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या. फळ्यांची ऐपत नसेल तर नुसत्या काटक्या दाटीनं अंथरायच्या. त्यावर कडुनिंबाचा पाला, मग चिखलाचा थर आणि सगळ्यांत वर पांढरी माती, थापीनं बडवून घट्ट केलेली. उतार अगदी थोडा, पाणी पन्हळीतून खाली. मधे धूर जायला आणि उजेड यायला एक भोक ठेवायचं, त्याला साणं म्हणतात. पाऊस आला की पहिली धावपळ साण्यावर झाकण टाकायची. हे सगळं मिळून माळवद. नुसत्या मातीच्या थराला कुणी माळवद म्हणत नाही, म्हणून कागदातल्या "माळवदासह" या शब्दात तुळया, कड्या, फळ्या सगळं आलं. जुनं सागवान असेल तर या एका शब्दाची किंमत जागेच्या बरोबरीची असते, हे भावांच्या कानावर आत्ताच घाला.

पांढरी ही मातीही आणि जागाही. काळीत पेरायचं, पांढरीत राहायचं. जुन्या कागदांत "समस्त पांढरी" म्हणजे सगळं गाव. पिढ्यान् पिढ्या एकाच ठिकाणी माणसं राहिली, घरं पडली, पुन्हा उभी राहिली, चुलीची राख, शेण, भिंतींची माती सगळं तिथंच मिसळत गेलं, त्यातून गावठाणाची ती फिकट, बारीक माती तयार झाली. छपरावर काळी माती कुणी टाकत नाही. काळी ओली झाली की फुगते, वाळली की तिला भेगा पडतात आणि पुढच्या सरीला सगळं पाणी घरात येतं. पांढरी त्या मानानं कमी फुगते. बडवली की घट्ट बसते.

जाता जाता, पांढरीसाठी गावोगावची ओसाड टेकाडं खणली गेली. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर, सातवाहन काळातलं मोठं व्यापारी शहर. तिथल्या टेकाडांतून माती काढताना मणी, मूर्ती, खापरं निघत राहिली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेरचा हा ठेवा आयुष्यभर जमवला, आज तिथल्या शासकीय संग्रहालयाला त्यांचंच नाव आहे. छपरासाठी माती नेणाऱ्यांच्या टोपलीतून किती इतिहास माळवदावर जाऊन बसला असेल, याचा विचार केला की जीव हळहळतो.

धुळ्याहून

आमच्या खानदेशात याच प्रकाराला धाबं म्हणतात. रचना तीच, वरची माती वेगळी. आम्ही खारी आणतो. खारट मातीत गवत उगवत नाही, मुळं छपरात शिरत नाहीत, आणि पाण्यानं तिचे कण पसरून बारीक छिद्रं बुजतात. पावसाळ्याआधी धाब्यावर नवी खारी टाकणं हे ठरलेलं काम. तेव्हा माळवद आणि धाबं एकाच घराण्यातले शब्द आहेत, फरक मुलखाचा.

छत्रपती संभाजीनगरहून

मी बांधकाम अभियंता आहे. वरच्या प्रतिसादातला "नवी खारी टाकणं" हा भाग थोडा थांबून बघायला हवा, कारण माळवदाचा धोका तिथंच आहे. दरवर्षी गळती थांबवायला नवा थर पडतो, जुना मात्र कुणी काढत नाही. पन्नास-साठ वर्षांत छपराची माती हातभर, कुठं त्याहूनही जाड होते. हे सगळं ओझं डोक्यावर.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसं या मातीखाली आणि दगडांखाली गेली. तेव्हापासून "दगड-मातीची घरं मारतात" हे वाक्य त्या भागात घट्ट बसलं. पण दगड-माती हा एकच शब्द करून टाकला की नेमकं काय तुटलं ते दिसत नाही. भिंत दोन-तीन फूट जाड, पण ती एक भिंत नव्हती. बाहेरून एक तोंड, आतून एक तोंड, मधे बारीक दगडांची आणि मातीची भर. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादरा बसताच भर खाली दबली आणि दोन्ही तोंडं एकमेकांपासून सुटून आत-बाहेर कोसळली. ज्या घरांत माळवदाचा भार थेट भिंतींवर होता तिथं भिंतीमागोमाग छप्परही आलं. जिथं खणांचा सांगाडा धड होता, खांब-तुळया पक्क्या होत्या, तिथं भिंती पडूनही छप्पर लाकडावर उभं राहिल्याची उदाहरणं पाहणी अहवालांत नोंदलेली आहेत. भिंतीच्या दगडांनी तिथंही माणसं गेली, हे विसरून चालणार नाही.

म्हणून मला "खण" हा शब्द फार मोलाचा वाटतो. घराचा भार कुणी उचलला आहे, ते तो सांगतो. ज्या घराचं वर्णन खणांत होतं ते बहुधा लाकडावर उभं असतं आणि भिंत त्याला आडोसा असते. ताई, घर उतरवताना हे आधी तपासा : तुळईचं टोक खांबावर आहे की भिंतीत घुसवलेलं? भिंतीत असेल तर भिंतीला हात लावायच्या आधी तुळईला टेकू द्यायला लागेल. आणि वरची माती सगळ्यांत आधी उतरवा. अर्धं माळवद लादलेलं असताना खाली कुणी काम करू नये. असे अपघात मी पाहिलेत.

पुण्याहून

आमच्याकडच्या वाड्यांत मातीच्या जागी चुना येतो, आणि चुन्याचे शब्द वेगळे. चुनखडी भट्टीत भाजली की निघतो तो कळीचा चुना. त्यावर पाणी टाकलं की तो उकळतो, फुटतो, त्याला चुना विरणं म्हणतात. विरलेला चुना वाळू घालून घाणीत मळायचा. घाणी म्हणजे दगडी गोल चर, त्यात फिरणारं जड दगडी चाक आणि ते ओढणारा बैल. तिकोना गडावर वाटेतच ही घाणी आणि तिचं चाक दिसतं, पुष्कळ जण ते तेलाचं समजून पुढं जातात. गड बांधायला लागलेला चुना गडावरच मळला जायचा, खालून तयार आणून भागत नसे.

चुना हवेतला कर्बवायू हळूहळू शोषून पुन्हा दगड होतो. म्हणून त्याला घाई चालत नाही, पाणी मारून ओला ठेवावा लागतो. जिथं ओल कायमची, तिथं विटेची भुकटी म्हणजे सुरखी मिसळायची. तिनं चुना पाण्यातही धरतो. केरळातलं मुल्लपेरियार धरण १८९५ मध्ये चुना-सुरखीत बांधून पुरं झालं. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर हेही चुन्यात पडायचं. आजही डागडुजीची कामं नीट करणारे गवंडी गूळ-हिरड्याचं पाणी वापरतात. जुन्या चुन्याच्या भिंतीच्या दर्जा सिमेंटनं भरतात ते बघून मात्र वाईट वाटतं. दर्जा म्हणजे दगडांमधले सांधे. सिमेंट कडक, चुना मऊ. ओल चुन्यातून बाहेर पडायची, ती सिमेंटनं अडते आणि दगडाचे पोपडे निघायला लागतात.

"जोतं" हाही शब्द कागदात येऊ शकतो. जमिनीवर दिसणारा घराचा दगडी चौथरा म्हणजे जोतं. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचं लाकूड जळून गेलं, जोती राहिली. आज आत फिरताना आपण त्या जोत्यांवरूनच दालनं ओळखतो.

रत्नागिरीहून

कोकणात एका शब्दानं कायम घोटाळा होतो, तो इथं सांगून ठेवतो. जांभा हे दगडाचं नाव, चिरा म्हणजे त्याचा तासलेला ठोकळा. देशावर "चिरेबंदी वाडा" म्हटलं की काळा घडीव पाषाण डोळ्यांसमोर येतो, आमच्याकडे चिरा म्हटलं की तांबडा जांभाच. जांभा खाणीत असताना ओला आणि मऊ असतो, तासता येतो, उघड्यावर हवा लागली की कडक होतो. फ्रान्सिस बुकानननं १८०७ मध्ये या दगडाला लॅटराइट नाव दिलं, ते विटेच्या लॅटिन शब्दावरून. मलबारात लोक त्याचे विटेसारखे ठोकळे पाडून घरं बांधत होते, ते बघून.

गरिबाच्या घराला चिराही परवडत नसे. तिथं कूड. कारवीच्या काठ्या उभ्या ओवून बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीनं लिंपायच्या. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलून मरते, काठ्या मात्र वाळून टणक होतात. आमच्या पावसात माळवद एक पावसाळाही टिकलं नसतं. म्हणून इथं उतरतं छप्पर, आढं, वासे आणि नळ्यांची कौलं, पुढं १८६५ नंतर मंगलोरी कौलं.

विचारणा करणारीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. आता खण मोजायचे कसे ते कुणी सांगेल का? सोप्यात समोरून तीनच खांब दिसतात. भाऊ म्हणतो, तीन खांब म्हणजे दोनच खण.

लातूरहून

खांब मोजू नका, तुळया मोजा. तीन खणांना चार तुळया लागतात. कडेची तुळई पुष्कळदा खांबाऐवजी भिंतीवर टेकलेली असते, म्हणून खांब कमी दिसतात. वर माती आहे तोवर आतून छताकडे बघत एका टोकापासून मोजत चला, प्रत्येक तुळईवर खडूनं आकडा टाका आणि फोटो काढा. जमिनीवरचे तळखडेही मोजा. मधला एखादा खांब कुणी काढून नेला असेल तर त्याचा तळखडा बहुधा फरशीखाली तसाच सापडतो. समाईक भिंतीवर टेकलेली तुळई कुणाची, हा वाद नक्की निघेल. ती ज्या खणाला पुरी करते त्या खणाबरोबर जाते, असं आमच्या भागात मानतात. तरी पंचांसमोर लिहून घ्या आणि मगच लाकडाच्या व्यापाऱ्याला बोलवा.