माप तेच, भांडं तेच, तरी भात रोज वेगळा का?

लेथवाला

नमस्कार मंडळी. वय ६३, मुक्काम भांडुप पश्चिम. एलबीएस रोडवरच्या एका वर्कशॉपात ३२ वर्षं लेथवर (लोखंड कातायच्या यंत्रावर) उभा होतो. स्वयंपाकघरात पाणी प्यायलाच काय तो जायचो, हे आधीच कबूल करतो, म्हणजे तुमचे टोमणे वाचतील.

डिसेंबरात आमची मंडळी पुलाच्या जिन्यावरून उतरताना पाय घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर सहा आठवडे. पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणतो, बरेचदा भाजीही. पण विकतचा भात ती तोंडात घालत नाही. 'भात घरचाच पाहिजे, आणि त्यात आहे काय एवढं!' म्हणाली. काय आहे ते आता मला कळलंय.

पहिल्या दिवशी पलंगावरून हुकूम आला: दीड वाटी तांदूळ, दोनदा धुवा, वर बोटाचं एक पेर पाणी, तीन शिट्ट्या. तंतोतंत तसंच केलं. खळ झाली. नातू म्हणाला, आजोबा, टाकू नका, संक्रांतीला पतंग चिकटवायला होईल.

दुसऱ्या दिवशी पेर सोडलं आणि वाटी धरली. वाटी १५० मिलिलिटरची निघाली (खोकल्याच्या औषधाच्या मापाने भरून बघितली). दीड वाटीला तीन वाट्या पाणी, कुकरात. झकास झाला. दहाएक दिवस रोज तसाच. मग कुकरची रिंग गेली. त्या दिवशी पातेल्यात लावला, माप तेच, तर वर कणी राहिली आणि खाली खरपुडी. रिंग आणली, पुन्हा कुकर. चार दिवस ठीक. आणि या सोमवारपासून परत गिचका! वाटी तीच, भांडं तेच, शिट्ट्या तीन, तांदूळही कोलमच, त्याच वाण्याकडचा.

लेथवर ड्रॉइंग तेच, टूल तेच, माल तोच असेल तर जॉब वेगळा येत नाही. आला, तर तिन्हींपैकी काहीतरी बदललेलं असतं. इथे काय बदललं? हिला विचारलं तर म्हणते, 'अंदाज यावा लागतो.' कृपा करून अंदाज हा शब्द न वापरता उत्तर द्या.

सोमवारचा डबा

काका, इलेक्ट्रिक राइस कुकर घ्या. बटण दाबा, विषय संपला.

लेथवाला

ओट्यावर एकच प्लग आहे. त्यावर मिक्सर आणि फिल्टर आधीच भांडताहेत.

गिरगावची माई

भाऊ, माल बदललाय. तुमच्या वाण्याने नवं पोतं फोडलं असणार.

दिवाळीच्या सुमारास भात कापतात. मग झोडणी, मिल असं होत होत डिसेंबर-जानेवारीत नवा तांदूळ दुकानात येतो. जुना संपला की वाणी नवा द्यायला लागतो, पाटीवर मात्र 'कोलम' तेच राहतं. नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि चिकटतो. वर्षभर मुरलेला जुना जास्त पाणी पितो, फुलतो, शीत न् शीत सुटं राहतं. म्हणून तर जुन्याला किलोमागे जास्त मोजतो आपण. नव्याला वाटीमागे पाव वाटी पाणी कमी घालून बघा. ओळखायचं म्हणाल तर दाणा दाताखाली धरा. जुना कट्कन तुटतो, नवा जरा नरम लागतो. एकदा दोन्ही शेजारी ठेवून चावलेत की पुन्हा कुणाला विचारावं लागणार नाही.

नव्या तांदळाला नावं मात्र ठेवू नका. आमच्या सासूबाई तो मुद्दाम वेगळ्या डब्यात ठेवायच्या, मऊ भातासाठी. त्यावर मेतकूट आणि तूप. वहिनींचा हात दुखतोय, त्यांना एक दिवस तोच द्या.

अजून एक. मोकळा होत नाही म्हणून कुणी इंद्रायणीवर चिडतात, ते मला पटत नाही. तो चिकटच व्हायचा, आंबेमोहराचं लेकरू आहे ते, १९८७ साली मावळात वडगावच्या भात संशोधन केंद्रातून आलेलं. पुलाव करायचा तर दुसरा तांदूळ घ्यावा. आणि वाडा कोलम (पालघरकडे झिणी म्हणतात तोच) त्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून दादर ते मुलुंड ज्या त्या पोत्यावर 'वाडा' लिहिलेलं दिसतं. एका तालुक्यात एवढा पिकतो यावर माझा तरी विश्वास नाही.

लेथवाला

माई, आत्ता खाली जाऊन आलो. वाणी म्हणाला, 'हो काका, शनिवारी नवीन पोतं काढलं. का, किडे निघाले?'

माल बदलला हे मला सुचायला हवं होतं. शिकाऊ पोराने ही चूक केली असती तर मी त्याला दिवसभर झाडू मारायला लावला असता. पण मग पातेल्याचं काय? तो तर जुनाच तांदूळ होता. आणि पहिल्या दिवशीचं पेर? तोही जुनाच.

उकडा तांदूळ

पातेल्यात पाणी मोजूचाच कित्याक? आमच्याकडे भात वेळतत.

मोठ्या टोपात भरपूर पाण्याचं आधण ठेवा. खळखळलं की धुतलेले तांदूळ सोडा, वर झाकण घालू नका. अधूनमधून एक शीत काढून दोन बोटांत चेपून बघा. मधे पांढरा ठिपका दिसला तर कणी आहे अजून. ठिपका गेला की टोपावर झाकण दाबून धरा, फडक्याने दोन्ही कान पकडा आणि पेज दुसऱ्या भांड्यात ओता. मग टोप परत अगदी बारीक गॅसवर पाच मिनिटं, झाकून. झालं. नवा असो, जुना असो, वाटी हरवली असो, भात बिघडत नाही. पेज टाकू नका, मीठ घालून प्या. वहिनींना पण द्या.

पाणी ओतताना मात्र चष्मा काढा, वाफेने काही दिसत नाही. मी एकदा अर्धा भात मोरीत सोडलाय.

निवृत्त मास्तर

काका, मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो, घाटकोपरला. पातेल्याचं उत्तर सोपं आहे. पाण्याला जायला दोन वाटा: एक तांदळात, एक हवेत. तांदळात जाणारं पाणी तांदळाच्या मापाने वाढतं. हवेत जाणारं तसं वाढत नाही. ते पातेल्याचं तोंड किती रुंद, आच किती, झाकण कसं बसतं आणि किती वेळ ठेवलं, यावर ठरतं. कुकरात वाफ कोंडलेली असते, भांड्यातलं जवळजवळ सगळं पाणी तांदळालाच मिळतं. पातेल्यात तुम्ही त्याच तीन वाट्या घातल्यात, त्यातलं बरंचसं छताकडे गेलं. तळाचं पाणी संपलं म्हणून खरपुडी, आणि वरच्या दाण्यांना पुरलं नाही म्हणून कणी.

म्हणूनच पाहुणे आले आणि पातेल्यात तांदूळ दुप्पट केलेत, तर पाणी दुप्पट लागत नाही, थोडं कमीच लागतं. उलट एकट्यापुरता अर्धी वाटी लावलात तर हिशेबापेक्षा जास्त लागतं. लोक इथेच फसतात आणि मग हाताला गुण नाही म्हणतात.

आता कुकर. शिट्टी म्हणजे घड्याळ नव्हे. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या भराभर होतात, बारीकवर तिसरीची वाट बघत बसावं लागतं. पहिली शिट्टी आली की गॅस बारीक करा आणि घड्याळ लावून पाच-सहा मिनिटं ठेवा. आत साधारण १२० अंश तापमान असतं, तेवढ्यात कोलम शिजतो.

एक विचारतो: गॅस बंद केल्यावर तुम्ही शिट्टी उचलून वाफ काढता का?

लेथवाला

काढतो. साडेआठला हिची मालिका असते, त्याआधी जेवण उरकावं लागतं.

निवृत्त मास्तर

तेच बंद करा. दाब एकदम उतरला की आतलं पाणी एकाएकी उसळून उकळतं. दाणे फुटतात, आतला स्टार्च बाहेर येतो आणि शितं एकमेकांना धरतात. वाफ आपली आपण जिरू द्या, दहा-पंधरा मिनिटं. त्या वेळात वरचा आणि खालचा ओलावाही सारखा होतो. मालिका दहा मिनिटं उशिरा बघितली तर सासूसून तिथेच उभ्या असतात.

अजून एक, हे थट्टेत नाही. उरलेला भात ओट्यावर ठेवू नका. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. आपल्या मुंबईच्या हवेत भात तासन् तास बाहेर राहिला की ते वाढीला लागतात, आणि त्यांचं एक विष असं आहे की पुन्हा गरम करूनही जात नाही. पसरट ताटात काढून निववा आणि तासाभरात फ्रीजमध्ये टाका. सकाळी फोडणीचा भात त्याचाच करा.

लेथवाला

मास्तर, माई, उकडाभाऊ, तिघांचे आभार. मालिका आणि जेवण यांची अदलाबदल झाली आहे, थोडी कुरकुर झाली. पेज हिने दोन वाट्या प्यायली.

पेराचा प्रश्न मात्र माझा मीच सोडवला. काल दुपारी ट्रंकेतून व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) काढला. माझं पेर २६ मिलिमीटर. हिचं २० (डाव्या हाताचं घेतलं, उजवा प्लास्टरात). कुकरच्या भांड्याचा आतला व्यास १६० मिलिमीटर. या व्यासावर सहा मिलिमीटर म्हणजे १२० मिलिलिटर पाणी, पाऊण वाटीच्या वर! गुणाकार करून, त्यात दाण्यांमधल्या फटींतलं पाणी मिळवून बघितलं: हिच्या पेराने दीड वाटी तांदळाला सव्वातीन वाट्या पाणी पडतं आणि माझ्या पेराने चार. जे चाळीसेक वर्षं अंदाज म्हणून चाललं होतं ते एका बोटाचं माप होतं, आणि बोट माझं नव्हतं.

तिला सगळं कागदावर मांडून दाखवलं. कागद बाजूला ठेवून म्हणाली, 'मग माझ्या बोटाने मोजायचं होतंत.'

आता पक्कं केलंय. भांड्यात दीड वाटी धुतलेला तांदूळ आणि पाणी घातलं, सपाटीला स्क्रायबरने आतून बारीक रेघ मारली. धुतल्यावर तांदळाला चिकटून राहणारं पाणीही त्यात आपोआप धरलं जातं, वाटीने ते धरलं जात नव्हतं. वरची रेघ जुन्याची. नव्याची तिच्या खाली तीन मिलिमीटर, माईंच्या हिशेबाने. कालपासून तीन वेळा लावला, तिन्ही वेळा मूद वाटीतून सुटून ताटात उभी राहिली.

सोमवारचा डबा

काका, ते भांडं माझ्यासाठी पण बनवून द्या.

गिरगावची माई

थांबा. हे कुठलं भांडं म्हणायचं? साधं, की लग्नातलं, नाव-तारीख घातलेलं?

लेथवाला

लग्नातलं. तिच्या मामांनी दिलेलं. नाव बाहेरून आहे, मी रेघा आतून मारल्यात.

गिरगावची माई

वहिनींना दाखवलंत?

लेथवाला

प्लास्टर पुढच्या गुरुवारी निघतंय. तोपर्यंत भांडी मीच घासतोय.