एसईसी महिला बास्केटबॉल: ‘डबल बाय’साठी एवढी मारामारी का?

रिबाउंडवाली: अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलमधली एसईसी कॉन्फरन्स (म्हणजे एकमेकांत खेळणाऱ्या कॉलेजांचा एक गट) टूर्नामेंट समजून घेतेय. १६ संघ, ५ दिवस. काही संघ थेट तिसऱ्या दिवशी उगवतात, काही पहिल्या दिवसापासून घाम गाळतात. हे ठरतं कसं? आणि इथे हरलं की सीझन संपला का?

झोनप्रेस: साखळीतल्या कॉन्फरन्स सामन्यांच्या हार-जितीवरून सीड, म्हणजे संघाचा क्रमांक, ठरतो. बुधवारी ९ वि. १६, १० वि. १५, ११ वि. १४, १२ वि. १३. जिंकणाऱ्यांची गाठ गुरुवारी ५ ते ८ शी. पहिले चार शुक्रवारी क्वार्टरफायनललाच उतरतात, हाच डबल बाय. म्हणजे चषकासाठी त्यांना ३ विजय पुरतात, ५ ते ८ ला ४ लागतात आणि उरलेल्यांना सलग पाच दिवस रोज एक, मध्ये सुट्टी नाही.

थकवा आधी फ्री थ्रोमध्ये दिसतो. पायांतला जोर गेला की बॉल रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत येतो. मग कोच झोन (प्रत्येकीने खेळाडू नव्हे, आपली जागा राखायचा बचाव) लावतो, पळापळ वाचावी म्हणून. पण झोनमध्ये प्रत्येकीला ठरलेली प्रतिस्पर्धी नसते, त्यामुळे शॉट सुटला की बॉक्स-आउट (समोरचीला अंगाने अडवून बॉलपासून दूर ठेवणं) कोणी करायचा याचा घोळ होतो आणि समोरच्यांना फुकटचे रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचे बॉल, मिळतात. कोपऱ्यातली थ्री (तीन गुणांचा शॉट) उघडी पडते ती वेगळीच.

रिबाउंडवाली: आणि दोन संघांची बरोबरी झाली तर?

झोनप्रेस: आधी आपसातले निकाल. २०२५ मध्ये साउथ कॅरोलायना आणि टेक्सास दोघेही १५-१ (१५ विजय, १ हार), आपसातही १-१. शेवटी नाणेफेक झाली! साउथ कॅरोलायनाला पहिला सीड मिळाला आणि फायनलही याच दोघांत रंगली, ६४-४५ साउथ कॅरोलायना. दोघांनाही डबल बाय होताच, त्यामुळे नाण्याचा गाजावाजा जास्त आणि फरक कमी.

बबलवरची: हरलं की सीझन संपला का, या प्रश्नाबद्दल. कॉन्फरन्सचा चषक म्हणजे एनसीएए या सीझनअखेरच्या राष्ट्रीय स्पर्धेचं हक्काचं तिकीट. २०२५ च्या ६८ संघांत अशी ३१ तिकिटं होती, बाकी ३७ संघ निवड समितीने घेतले. एसईसीतला तगडा संघ हरला तरी आत जातोच, फक्त सीड घसरू शकतो. तेही छोटं नुकसान नाही: समितीच्या क्रमवारीतल्या पहिल्या १६ संघांना तिथल्या पहिल्या दोन फेऱ्यांचं यजमानपद मिळतं.

छोट्या कॉन्फरन्समध्ये मात्र बहुतेकदा विजेताच जातो. अपवादही असतात. आयव्ही लीगमध्ये फक्त चार संघ टूर्नामेंट खेळतात. २०२५ ला फायनलमध्ये हार्वर्डने कोलंबियाला ७४-७१ हरवलं, तरी कोलंबिया आणि प्रिन्स्टन दोघांनाही समितीने आत घेतलं.

खरी धाकधूक काठावरच्या, म्हणजे निवड होईल की नाही अशा, संघांना. दुसऱ्याच कॉन्फरन्समध्ये जिंकेल असं वाटणारा तगडा संघ हरला आणि तरीही समितीने त्याला घेतलं, तर काठावरच्या कुणाची तरी खुर्ची गेली. म्हणून त्या आठवड्यात लोक आपल्याशी संबंध नसलेल्या सामन्यांतही तगड्या संघाच्या विजयासाठी देव पाण्यात ठेवतात.