मदत हवी आहे: थेरपीसाठी नवीन मेडिक्लेम घ्यायचा की खिशातूनच भरायचे?

गोदाकाठ
सोमवारी एजंट येणार आहे, त्यामुळे थेट विचारते. थेरपी चालू आहे, आठवड्याला एक सेशन, १५०० रुपये. एजंट म्हणतो नवीन पॉलिसी घ्या, त्यावर ओपीडीचा (दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा) रायडर, म्हणजे जोड-कव्हर, टाकून देतो, सेशनचे पैसे परत मिळतील. रायडरसकट वर्षाला ३१ हजार सांगितलेत. पॉलिसी परवडेल की खिशातून भरणं? ज्यांनी खरंच क्लेम केलाय त्यांनी सांगा. 'मन खंबीर करा' हे कृपया नको, ते घरात रोज ऐकते आहे.

विनय_पी
थेरपी म्हणजे फिजिओ की मानसोपचार? कोणाची? वय? आधीची पॉलिसी आहे का? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

गोदाकाठ
मानसोपचार. नवऱ्याची. वय ३९. पॉलिसी त्याच्या कंपनीची आहे, ५ लाखांची, त्यात ओपीडी नाही.

न्यूजर्सीकर
इथे अमेरिकेत इन्शुरन्समधून घेतलंत तर थेरपिस्टला निदानाचा कोड टाकावाच लागतो आणि तो रेकॉर्डवर राहतो. मी दोन वर्षं नेटवर्कबाहेरच्या बाईंकडे जात होतो, त्यांच्याकडून सुपरबिल (कोडसकट सविस्तर बिल) घ्यायचं आणि कंपनीला पाठवायचं. डिडक्टिबल (आधी आपण भरायची ठरलेली रक्कम) पूर्ण होईपर्यंत सगळं खिशातून. तुमचं डिडक्टिबल किती आहे ते आधी बघा.

विनय_पी
त्या नाशिकच्या आहेत बहुतेक, नावावरून. इकडे सेशनला तसलं काही नसतं.

सह्याद्री७२
ताई, कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, कलम २१(४): मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण दिलंच पाहिजे. ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना तसं कळवलंही. एजंटला हे ऐकवा आणि आहे त्याच पॉलिसीतून सेशनचे पैसे मागा. लोक मागत नाहीत म्हणून कंपन्यांचं फावतं.

रानजाई
सह्याद्री७२, कलम बरोबर, अर्थ चुकतोय. 'शारीरिक आजारासारखंच' एवढंच त्यात आहे. साध्या पॉलिसीत तापासाठी डॉक्टरकडे गेलात तर ओपीडीचे पैसे मिळतात का? नाही. मग सेशनचेही मिळत नाहीत. दाखल व्हावं लागलं, तर मात्र मानसिक आजार आहे म्हणून नाकारता येत नाही. मी एका मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात बिलिंग बघते, रोज हेच समजावून सांगावं लागतं.

गोदाकाठ, तीन गोष्टी सांगा. रायडरची वर्षाची मर्यादा किती? ३१ हजारांतले रायडरचे किती? आणि सेशन कोण घेतं, सायकियाट्रिस्ट की समुपदेशक?

गोदाकाठ
मर्यादा १० हजार. रायडरचे ८५०० धरलेत. सेशन एक मॅडम घेतात, समुपदेशक आहेत. गोळ्या नाहीत.

रानजाई
मग हिशोब इथेच मिटला. वर्षाचे ५२ आठवडे म्हणजे ७८ हजार. त्यातले फार तर १० हजार परत येणार, आणि त्यासाठी ८५०० भरायचे. तेही क्लेम पास झाला तर. आमच्याकडे परत आलेले कागद मी बघते. पावतीवर नोंदणी क्रमांक नाही, किंवा सायकियाट्रिस्टने लिहून दिलेलं नाही, म्हणून अडकतात. तुमच्या मॅडमची पावती काढून बघा, तिच्यावर काय काय आहे?

गोदाकाठ
बघितली. साध्या पावती पुस्तकातली आहे. नाव, तारीख, 'समुपदेशन शुल्क रु. १५००', सही. नंबर वगैरे काही नाही.

आबा_कुलकर्णी
मी सत्तरीचा आहे, अनुभवाने सांगतो. इगतपुरीला विपश्यनेला पाठवा. नाशिकहून तासाचा रस्ता. दहा दिवस, फी नाही, राहणं-जेवण सगळं आत. माझा पुतण्या तिथून वेगळाच माणूस होऊन आला. महिन्याला सहा हजार घालवण्याआधी हे करून बघा.

भटकी_पावलं
आबा, आदर ठेवून सांगते, असं सरसकट सुचवू नका. मी दोनदा जाऊन आले आहे. अर्जातच मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात, आणि गंभीर त्रास असेल तर येऊ नका असं ते स्वतःच सांगतात. दहा दिवस मौन, मध्येच सोडून यायचं नाही. ज्याला कशाचा त्रास आहे तेच आपल्याला माहीत नाही त्याला तिथे कसं पाठवायचं?

आबा_कुलकर्णी
पुतण्यालाही झोप लागत नव्हती. फायदा झाला म्हणून सांगितलं. असो.

विमासल्ला_ना
मी या क्षेत्रात १४ वर्षं आहे. रायडर सोडा. पण ताई, नवीन पॉलिसी मुळात कशाला? कंपनीची ५ लाखांची आहे ना?

गोदाकाठ
तो ऑगस्टमध्ये नोकरी सोडतोय. हे वर लिहायचं राहिलं. त्याला त्या रोजच्या प्रवासाचाच त्रास होतो, भावासोबत वर्कशॉप सुरू करणार आहे. नोकरी गेली की ती पॉलिसी जाणार, म्हणून ही गडबड. एजंट म्हणतो फॉर्मवर मानसिक आजारासमोर 'नाही' लिहा, समुपदेशन म्हणजे काही आजार नव्हे.

विमासल्ला_ना
हीच खरी गोष्ट होती! थेरपीचे पैसे हा तुमचा प्रश्नच नाही. नोकरीनंतर घराला कव्हर कसं राहील, हा प्रश्न आहे.

एसके_नाशिक
एजंट काही चूक सांगत नाही. गोळ्या नाहीत, दाखल नाही, मग कंपनीला कळणार कसं? 'नाही' लिहा. ५ वर्षं झाली की कंपनी जुनी माहिती उकरून क्लेम नाकारू शकत नाही, एप्रिल २०२४ पासून नियम आहे. आधी ८ वर्षं होती. होय लिहाल तर प्रीमियम वाढवतील किंवा पॉलिसीच देणार नाहीत. संसार करायचाय की सत्याचे प्रयोग?

रानजाई
एसके, अर्धाच नियम सांगताय. फसवणूक सिद्ध झाली तर ५ वर्षांचं संरक्षण लागू होत नाही. आणि पाच वर्षांच्या आत काही झालं तर? तेव्हा हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर या ताई उभ्या असतील, एजंट नसेल. खरं लिहिलं तर आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं वेटिंग लागेल, म्हणजे तेवढा काळ त्या आजाराचा क्लेम मिळणार नाही, बाकी सगळं कव्हर चालू राहील.

एसके_नाशिक
माझ्या सासूबाईंनी सगळं खरं लिहिलं होतं. तरी गुडघ्याचा क्लेम नाकारला. २ लाख ४० हजार घरातून भरले. खरं लिहून काय मिळालं?

विमासल्ला_ना
नाकारल्याचं पत्र कधी आलं? कंपनीकडे लेखी तक्रार केली का? केली असेल आणि उत्तर पटलं नसेल किंवा महिन्यात आलंच नसेल, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. मुदत वर्षाची असते, म्हणून तारीख विचारली.

एसके_नाशिक
दिवाळीच्या आधी आलं. लोकपालाचं कोणी सांगितलंच नाही आम्हाला. पत्र शोधतो.

भटकी_पावलं
गोदाकाठ, एक विचारू? त्रास नेमका काय आहे आणि कधीपासून? कोणा डॉक्टरांनी काही लिहून दिलंय का?

गोदाकाठ
लिहू की नको असं झालं होतं. जानेवारीत द्वारका चौकात त्याने गाडी बाजूला घेतली आणि मला फोन केला. बोलता येत नव्हतं, नुसता श्वास ऐकू येत होता. मी रिक्षाने पोहोचले तर दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसलेला, शर्ट भिजलेला. हार्ट अटॅकच वाटला. एक रात्र ठेवून घेतलं. ईसीजी, टू-डी इको, सगळं नॉर्मल. कंपनीच्या पॉलिसीतून कॅशलेस झालं. त्या डॉक्टरांनीच या मॅडमकडे पाठवलं.

रानजाई
ताई, डिस्चार्ज कार्ड घरात आहे का? शेवटचं निदान काय लिहिलंय, जसंच्या तसं सांगा.

गोदाकाठ
'छातीत दुखणे, हृदयविकार नाही. पॅनिक अटॅक. मानसोपचार सल्ला.' इंग्रजीत आहे, अर्थ हाच.

रानजाई
म्हणजे निदान झालेलं आहे, आणि ते कागद क्लेमबरोबर विमा कंपनीकडे गेलेलेही आहेत. आता फॉर्मवर 'नाही' लिहिणं म्हणजे आपल्याच हाताने क्लेम बुडवणं. एजंटला हे कार्ड दाखवलंत का?

गोदाकाठ
नाही. त्याने विचारलंच नाही. मलाही त्या रात्रीचा याच्याशी संबंध असेल असं वाटलं नाही.

विमासल्ला_ना
नवीन पॉलिसीच्या आधी एक करा. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली पॉलिसीत जाता येतं. ग्रुपमध्ये जेवढी वर्षं झाली तेवढी वेटिंगमध्ये धरली जातात. त्याला तिथे किती वर्षं झाली? हे नोकरी चालू असतानाच करायचं, राजीनामा दिल्यावर नव्हे. एचआरला कारण सांगायची गरज नाही, फक्त कव्हर चालू ठेवायचंय म्हणायचं. एजंट हे सुचवणार नाही, त्याला नव्या पॉलिसीत रस.

सह्याद्री७२
आणि सेशन महाग पडत असतील तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ जवळ ठेवा. सरकारी आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलतात. रात्री अपरात्री तुम्हाला स्वतःलाही करता येईल.

गोदाकाठ
सात वर्षं झाली त्याला तिथे.

काल रात्री त्याच्यासमोरच हे सगळं वाचलं. त्याला वाटत होतं की 'होय' लिहिलं की आयुष्यभर शिक्का बसणार. बराच वेळ काही बोलला नाही. मग स्वतःच उठून डिस्चार्ज कार्ड काढलं आणि त्याच्या तीन झेरॉक्स आणायला गेला. एजंटला सोमवारी येऊ नका सांगितलं. एचआरला मेल केलाय, पॉलिसी बदलून घेण्याचा फॉर्म मागितलाय. रायडर नको. सेशन खिशातूनच. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या आता पंधरा दिवसांनी एक चालेल, म्हणजे तीन हजार. मी उगाच न विचारता सहा हजारांवर अडून बसले होते. आबा, तुम्ही आपुलकीने लिहिलंत, राग नाही.

विमासल्ला_ना
सात वर्षं म्हणजे वेटिंगची काळजी बहुतेक मिटली. फॉर्म आला की भरण्याआधी इथे विचारा. आणि एसके, पत्र सापडलं का?

एसके_नाशिक
सापडलं. १९ ऑक्टोबरची तारीख आहे. कंपनीला लेखी काही दिलेलं नाही अजून, नुसते फोन केले.

विमासल्ला_ना
मग आजच लेखी द्या, पोच घ्या. फोनवरची तक्रार धरत नाहीत.

भटकी_पावलं
गोदाकाठ, मीही नाशिकरोडलाच असते. त्या मॅडमचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? माझ्या बहिणीसाठी हवं होतं.

गोदाकाठ
केला आहे. शनिवारी संध्याकाळची वेळ मिळते, आधी फोन करा.