समानता फक्त आयडीवर ठरवू नका
कॉटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेत इक्वल्स (दोन वस्तू समान आहेत का हे ठरवणारं फंक्शन) स्वतः लिहून त्यात फक्त आयडी तपासला की काम भागतं, असं तुम्ही म्हणताय. मला हे पटत नाही, कारण मी त्यातच दोन दिवस अडकलो होतो. किराणा मालाच्या अ‍ॅपमध्ये तूरडाळीची पाकिटं १ वरून २ केली, डेटाबेसमध्ये २ नोंदली गेली, यादीत मात्र १ च दिसत राहिला. डिफयुटिल, म्हणजे जुनी आणि नवी यादी ताडून काय बदललं ते शोधणारं अँड्रॉइडचं साधन, दोन वेगळे प्रश्न विचारतं: वस्तू तीच आहे का, आणि तिचा तपशील तोच आहे का? पहिल्याचं उत्तर आयडीवरून द्यायचं, दुसऱ्याचं == ने. == आतून इक्वल्सच वापरतं, त्यामुळे आमचं == सुद्धा आयडीच बघत होतं, म्हणून ती ओळ बदललीच नाही. हाताने लिहिलेलं इक्वल्स काढून साधा डेटा क्लास (ज्याला इक्वल्स आपोआप मिळतं) केला आणि प्रश्न सुटला.

फक्त एक सांभाळा: डेटा क्लास मुख्य कन्स्ट्रक्टरमधलीच (क्लासच्या नावापुढच्या कंसातली) फील्ड्स तुलनेत धरतो, खाली क्लासमध्ये लिहिलेली नाही. आणि इक्वल्स स्वतः लिहायचंच असेल तर हॅशकोडही (वस्तू कुठे ठेवायची-शोधायची ते ठरवणारा आकडा) त्याच फील्ड्सवरून लिहा, नाहीतर हॅशसेटमध्ये, म्हणजे एक वस्तू एकदाच ठेवणाऱ्या संचात, एकच वस्तू दोनदा जाऊन बसते. ती फील्ड्स व्हॅलच (एकदा दिल्यावर न बदलता येणारी) ठेवा. वस्तू आत टाकल्यावर त्या फील्डमधली व्हॅल्यू बदलली तर वस्तू सेटमध्ये असूनही सापडत नाही.