सव्वादोन वर्षांचा मुलगा बोलत नाही, दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साठलंय. स्पीच थेरपी आत्ताच सुरू करावी का?

नमस्कार. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल.

मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. मान धरणं, बसणं, चालणं सगळं वेळेवर झालं. शब्द मात्र पाचच: आई, बाबा, मम, नाई आणि कुत्र्याला भू. दोन शब्द जोडून एकदाही बोललेला नाही. तहान लागली की माझं बोट धरून माठापाशी नेतो, माझा हात ओगराळ्यावर ठेवतो आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहतो. नजरेला नजर देतो, चांदोबा बोटाने दाखवतो. डॉक्टरांनी स्वमग्नतेची प्रश्नावली भरून घेतली, त्यात सध्या काळजीचं काही निघालं नाही.

सासूबाईंचं म्हणणं, याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते. वेखंड उगाळून लावून झालं. कुकरची शिट्टी झाली की हा स्वयंपाकघराकडे धावतो, म्हणून कानाची शंका मलाही आली नाही. मग अंगणवाडीत आरबीएसकेचं, म्हणजे मुलांची आरोग्य तपासणी करणारं सरकारी पथक आलं. त्यातल्या डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "कान तपासलेत का?" आणि सिव्हिलमधल्या डीईआयसीसाठी चिठ्ठी दिली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: हे लहान मुलांचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, तपासणीचे पैसे लागत नाहीत.

तिथे कानात छोटं बोंड घालून पडद्याची हालचाल बघितली. कागदावर डोंगरासारखी रेघ यायला हवी, याच्या दोन्ही कानांची सपाट आली. पडद्यामागे पाणी साठलंय. नंतर झोपेचं औषध देऊन बेरा केली, म्हणजे आवाज कानाच्या नसेतून मेंदूकडे नीट पोचतो का ते बघणारी तपासणी. नस चांगली आहे, पण ऐकू थोडं कमी येतं. ऐकण्याची तपासणी करणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट ताईंनी मला दोन्ही कानांत बोटं घालायला लावली आणि त्या बोलत राहिल्या. शिट्टी पोचते, पण बोलण्यातले स, त, क असे हलके आवाज निसटतात, हे तेव्हा कळलं. पावसाळाभर सर्दी होती त्याला, पण कान एकदाही दुखला नाही, ताप नाही. कळणार कसं? तरी मनाला लागून राहिलंय.

आता अडलंय ते इथे. कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणतात, तीन महिने थांबू, बऱ्याच मुलांचं पाणी आपोआप ओसरतं. नाही ओसरलं तर पडद्यात बारीक नळी बसवू. ते मला पटलंय. पण थेरपीसुद्धा कान मोकळे झाल्यावरच बघा, असंही ते म्हणाले. ताईंचं मत उलट, आजपासून सुरू करा. या वयात तीन महिने म्हणजे खूप झाले असं मला वाटतं.

ज्यांच्या मुलांना असं पाणी झालं होतं, त्यांनी थेरपी कधी सुरू केली? पाणी असताना केल्याचा उपयोग झाला का? आम्ही कराडजवळ राहतो, साताऱ्याला एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो, दर आठवड्याला जमणार नाही. पंधरा दिवसांतून एकदा जाऊन बाकी घरी करून घेतलं तर चालतं का? ऑनलाइन थेरपी एवढ्या लहान मुलाला झेपते का? आणि घरात मराठी, शेजारी हिंदी, म्हणून गोंधळतोय असं सगळे म्हणतात. ताई म्हणाल्या, दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही. तुमचा अनुभव काय?

सध्या टीव्ही आणि मोबाइल पूर्ण बंद केलाय. ताईंनी सांगितल्याप्रमाणे उकिडवी बसून, त्याच्या तोंडासमोर तोंड आणून एकेक शब्द बोलते. पेला हातात धरते, "पाणी" म्हणते आणि थांबते. आधी मी लगेच देऊन टाकायचे. परवा चौथ्या-पाचव्या खेपेला "पा" म्हणाला.

पुढच्या मंगळवारी पुन्हा सिव्हिलला जायचंय. त्याआधी कुणी लिहिलंत तर तिथे काय काय विचारायचं ते वहीत लिहून नेईन.