ए विंगसमोरची सावलीतली पट्टी (सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-१०१ (सकाळी ७:१२): नमस्कार. गेटपासून जिन्यापर्यंतची पट्टी एकदा सगळ्यांनी खाली येऊन बघा. लॉन दुसऱ्यांदा मेलं. नुसती माती, कडुनिंबाचा पाला अन् खर्र्याच्या पन्न्या. माझ्या खिडकीतून दिवसभर हेच दिसते. मागच्या वर्षी मी नाही म्हणत होती, कोणी ऐकलं नाही.

सचिव: नमस्कार काकू. विषय नोंदवून घेतला आहे. पुढच्या मीटिंगमध्ये चर्चा करू.

ए-१०१: मीटिंग नको जी, झाडं पाहिजे.

सी-४०४: तिथं पेव्हर ब्लॉक टाका. चार टू-व्हीलर आरामात बसतात. मी जानेवारीतच बोललो होतो.

बी-३०२: पण लॉन मेलं काहून? माळी तर रोज पाणी देऊन राहिला होता.

ए-१०१: पाण्यानं काय होते? लॉनला पाच-सहा तास ऊन लागते. इथं सकाळी कसंबसं तासभर येते. वरच्या थरातलं पाणी कडुनिंबाची मुळं ओढून घेतात. अन् आपली काळी माती पावसात फुगते, मे महिन्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात गवताची मुळं तुटतात.

बी-२०५: मग वेडेलिया लावा ना काकू. पिवळी फुलं येतात, फुकटात पसरते.

ए-१०१: पसरते म्हणूनच नको. फांदी जिथं टेकली तिथं मूळ धरते, मग काढता काढत नाही. अन् सावलीत फुलंही धड येत नाहीत.

ए-२०३: डिफनबाकिया? पानं काय सुंदर असतात!

बी-३०२: ताई नको. कमरेएवढं वाढते, अन् पान चावलं तर तोंड सुजते. आमचा टॉमी दिसेल ते चावते.

ए-२०३: टॉमीला आधी गेटबाहेर फिरवत जा. सकाळी जिन्याखाली काय पडलं होतं ते सांगायला लावू नका 🙏

बी-३०२: ते आमच्या टॉमीचं नव्हतं. सीसीटीव्ही बघा.

सचिव: कृपया विषयाला धरून बोला.

सी-४०४: पेव्हर ब्लॉक. चार टू-व्हीलर.

ए-१०१: भाऊ, तुमच्याकडे गाडी एकच आहे ना?

बी-२०५: तीन पाहुण्यांच्या 😄

ए-१०१: आता माझं पूर्ण वाचा, मग बोला. रस्त्याकडच्या कडेला मोंडो ग्रास. नाव ग्रास, पण लॉनसारखं कापावं लागत नाही. वीतभर उंची, गर्द हिरवं, सावलीत खुश. चार-पाच इंचांवर एकेक जुडी लावायची, भरायला वेळ घेते, धीर धरा. मध्ये स्पायडर प्लांट, लांब पट्टीसारख्या पानांचं. कुत्र्याला, पोरांना त्यापासून धोका नाही. मागे भिंतीशी रिओ, वरून हिरवं अन् खालून वांग्यासारखं जांभळं पान. त्याचा चीक काहींच्या अंगाला खाजते, म्हणून मागेच ठेवायचं. स्पायडरची पिल्लं, म्हणजे त्याला लोंबणारी छोटी रोपं, विकत घ्यायची नाहीत. माझ्या कुंडीतून लोंबलेली १४ पिल्लं श्रीखंडाच्या डब्यांत लावून ठेवली आहेत, सगळ्यांना बारीक पांढरी मुळं फुटली.

ए-२०३: काकू 👏 मीपण चार-पाच देते.

सचिव: छान. रविवारी माळ्याला बोलावतो, लावून टाकू.

ए-१०१: रविवारी नाही! नवतपा सुरू आहे, पारा ४५ च्या वर. सावलीतही झळ लागते, कोवळं रोप करपते. मृग लागू द्या, एक-दोन दमदार पाऊस होऊ द्या, मग लावू. आता फक्त माती तयार करायची. सहा इंचांच्या खाली खणू नका, कडुनिंबाचं मूळ तोडायचं नाही. शेणखत भरपूर टाका. पाला झाडून जाळू नका, रोपांच्या मधे तोच अंथरायचा, ओल टिकते.

सी-४०४: पेव्हर ब्लॉकला शेणखत लागत नाही.

ए-१०१: अन् एक गोष्ट राहिली. कोणाचं नाव घेत नाही, पण दुसऱ्या मजल्यावरच्या कूलरचा पाईप सरळ या पट्टीत सोडला आहे. तिथली माती पांढरी पडली. टबातलं पाणी उडून जाते, क्षार खाली राहतात, तेच खारट पाणी रोज मातीत. स्पायडरची टोकं त्यानं जळतात.

बी-२०१: नाव नाही घेतलं तरी दुसऱ्या मजल्यावरून त्या बाजूला कूलर एकच आहे. दोन वर्षांत कोणी तोंडावर बोललं नाही. आज ग्रुपवर बोलून राहिले.

ए-१०१: दोनदा दारात येऊन सांगितलं बाळा. तू घरी नव्हता, तुझ्या आईला विचार.

सचिव: आपण सगळे एका घरचेच आहोत. शांततेनं घ्या.

बी-३०२: माती खणायला मी येतो. शेणखताचं पोतं दिघोरीहून आणतो, टॉमीच्या वतीनं.

ए-२०३: मग टॉमीला माफी 🙏

बी-२०१ (संध्याकाळी ६:४०): पाईप फिरवला. बघून घ्या.

ए-१०१: बघितला. आता पाणी माझ्या तुळशीवर पडून राहिलं.

बी-२०१: उद्या नालीपर्यंत लांब करतो काकू.