चार्ल्स अर्बनच्या फिल्म वर्गात दाखवायच्यात, कुठली दाखवू?

पेठेतली_बाई: नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आठवी-नववीला विज्ञान शिकवते. बाबुराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला हे इथल्या पोरांना घरूनच माहीत असतं, पण अभ्यासाच्या फिल्म, माहितीपट कुणी सुरू केले म्हटलं की सगळी गप्प. मला चार्ल्स अर्बन सांगायचाय. नेमकं काय काय सांगू आणि तासाला दाखवायला कुठली फिल्म बरी?

रंकाळावेस: मॅडम विषय लई भारी घेतलाय. अर्बन मूळचा अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा, जन्म १८६७, १८९७ ला लंडनला आला आणि १९०३ मध्ये स्वतःची कंपनी काढली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अल्हाम्ब्रा थिएटरात, म्हणजे जिथं लोक नाचगाणं बघायला तिकीट काढायचे तिथं, त्यानं मार्टिन डंकनकडून सूक्ष्मदर्शकातून काढून घेतलेल्या फिल्म लावल्या, चीजमधले किडे पडद्याभर वळवळतायत आणि पब्लिक बघतंय! माझ्या मते त्याचं खरं मोठेपण यातच आहे, विज्ञान बघायलाही लोक पैसे देतील यावर त्यानं धंदा लावला.

जुनी_रिळं: पर्सी स्मिथला विसरू नका. तो शिक्षण खात्यात कारकून होता, त्यानं काढलेला माशीच्या जिभेचा फोटो अर्बननं बघितला आणि त्याला हाताशी धरला. पाठीवर धरून ठेवलेली माशी पायांनी इवलासा गोळा फिरवते ती १९०८ ची फिल्म पोरांना हमखास आवडेल. १९१० च्या फिल्ममध्ये तर कळ्या डोळ्यांदेखत उमलतात, आणि आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमाराला वाटाण्याचं रोप वाढतानाची फिल्म केली ती याच तंत्रानं, थांबून थांबून एकेक फ्रेम. या दोन गोष्टी वर्गात शेजारी शेजारी ठेवा.

रंकाळावेस: बरोबर, पण किनेमाकलर, म्हणजे अर्बनची रंगीत फिल्मची पद्धत, ती पण घ्याच. फिल्म काळी-पांढरीच, पण कॅमेऱ्यापुढं आणि प्रोजेक्टरपुढं लाल-हिरवी चकती फिरायची, सेकंदाला ३२ च्या आसपास फ्रेम, आणि डोळ्याला रंग दिसायचे. शोध जी. ए. स्मिथचा (हा पर्सी नव्हे, दुसरा स्मिथ), पैसा आणि जिद्द अर्बनची. १९११ चा दिल्ली दरबार त्यानं असाच रंगात टिपला, १९१२ ला लंडनच्या स्काला थिएटरात तुफान चालला. पुढं १९१४ मध्ये कोर्टात पेटंट गेलं, वाईट वाटतं.

पेठेतली_बाई: दोघांचे मनापासून आभार. मग माशी आणि फुलं नक्की. दरबाराचं तोंडी सांगते, आणि पोरांकडून मोबाईल स्टँडला लावून मटकीला मोड येतानाचे फोटो तासातासाला काढून घेते.

जुनी_रिळं: उजेड एकसारखा ठेवा मॅडम, खिडकीजवळ नको, नाहीतर फिल्म लुकलुकते.